पडद्यावरचे युद्ध कोणाच्या घरात घडते?

१० मार्च २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या ऑस्कर सोहळ्यात एकाच महायुद्धाशी नाते सांगणाऱ्या तीन चित्रपटांचा गौरव झाला. अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या आयुष्यावरचा क्रिस्टोफर नोलन यांचा ‘ओपनहायमर’ सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात पुरस्कार घेऊन गेला. व्हिज्युअल इफेक्ट्सचा पुरस्कार ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गॉडझिला मायनस वन’ला मिळाला, त्याचा नायक आत्मघातकी मोहिमेतून जिवंत परतल्याची लाज उराशी बाळगणारा वैमानिक आहे. अ‍ॅनिमेशनचा पुरस्कार हायाओ मियाझाकी यांच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ला मिळाला. युद्धकाळातील टोकियोत एका रुग्णालयाला आग लागते आणि त्या आगीत एका मुलाची आई जाते, तिथून हा चित्रपट सुरू होतो. या तिघांपैकी ज्याचा सर्वाधिक गाजावाजा झाला, तो ‘ओपनहायमर’ मात्र जपानच्या चित्रपटगृहांत तोवर लागलाच नव्हता. अमेरिकेत तो २१ जुलै २०२३ रोजी आला होता; जपानमध्ये तो २९ मार्च २०२४ रोजी, म्हणजे आठ महिन्यांनी प्रदर्शित झाला.

आपल्याकडे या चित्रपटावरून वाद झाला तो भगवद्गीतेतील ओळ एका प्रणयप्रसंगात उच्चारली गेल्यामुळे. जपानमधील अनेकांचा आक्षेप निराळा होता. तीन तासांच्या या चित्रपटात हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन्ही शहरे एकदाही दिसत नाहीत. या दोन बॉम्बमुळे १९४५ अखेरपर्यंत दोन लाखांहून अधिक माणसे दगावल्याचे मानले जाते, आणि तरीही स्फोटानंतरची छायाचित्रे शास्त्रज्ञांना दाखवली जात असताना कॅमेरा छायाचित्रांकडे न वळता, मान फिरवणाऱ्या ओपनहायमरच्या चेहऱ्यावरच थांबतो. नोलन यांचे म्हणणे असे, की सगळी कथा नायकाच्या नजरेतून सांगितली आहे आणि त्या नायकाला स्वतःला बॉम्ब टाकल्याची बातमी रेडिओवरून कळली होती.

अमेरिकी चित्रपट युद्धाचा जयघोष करतात आणि जपानी चित्रपट युद्धावर अश्रू ढाळतात, असा एक सोपा समज या वादाच्या निमित्ताने पुन्हा पुढे आला. तो पूर्ण खोटा नाही, पण त्याने फारसे काही उलगडतही नाही. दोन्ही देशांत युद्धाचा धिक्कार करणारे आणि युद्धाला वीररसात बुडवणारे असे दोन्ही प्रकारचे चित्रपट निघाले आहेत. फरक स्वभावात शोधण्यापेक्षा कॅमेरा कुठे ठेवला आहे, कोणासोबत चालतो आहे आणि कोणाकडे पाठ करून उभा आहे, यात शोधावा. या लेखात ‘चौकट’ हा शब्द त्याच अर्थाने येईल: पडद्यावर जे दिसते त्याची सीमा.

युद्धावर गेलेले आणि युद्ध अंगावर आलेले

घरातला एक मुलगा परमुलखात नोकरीला गेला, की त्या काळाच्या दोन गोष्टी तयार होतात. त्याची गोष्ट गाडीत बसण्यापासून सुरू होते आणि पुन्हा गावच्या स्थानकावर उतरण्यापाशी संपते. घरच्यांची गोष्ट मात्र त्याच ओसरीवर घडते. तिच्यात प्रवास नसतो, पण भिंतीला गेलेले तडे आणि दिवसेंदिवस रिकामा होत गेलेला धान्याचा कणगा असतो. दोघेही खरेच सांगतात. ज्या गावात तो मुलगा राहिला, त्या गावाची गोष्ट मात्र दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे चार लाख सैनिक मृत्युमुखी पडले, पण न्यूयॉर्क किंवा शिकागोवर बॉम्ब पडले नाहीत. अमेरिकी माणसाच्या दृष्टीने युद्ध ही दूर जाऊन करण्याची आणि जगला-वाचला तर परत येण्याची बाब होती. जपानी सैनिकही दूर गेले होते, किंबहुना अमेरिकेच्या कितीतरी आधी चीनमध्ये गेले होते. पण १९४४ अखेरपासून युद्ध त्यांच्या घरांवर कोसळू लागले. ९ मार्च १९४५च्या रात्री सुरू झालेल्या टोकियोवरील अग्निबॉम्बच्या वर्षावात दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत सुमारे एक लाख माणसे जळून मेली. (ऑस्कर सोहळ्याची १० मार्च ही तारीख हा निव्वळ योगायोग.) जपानच्या सरकारी हिशेबाप्रमाणे त्या युद्धात मेलेल्या जपान्यांची संख्या सुमारे ३१ लाख आहे आणि तिच्यात लाखो नागरिक आहेत.

त्यामुळे ‘युद्धानंतर’ म्हणताच दोन देशांच्या डोळ्यांपुढे वेगळी चित्रे येतात. अमेरिकी पटकथेत तो परतलेल्या माणसाचा प्रश्न असतो, तर जपानी पटकथेत ‘युद्धानंतर’ ही राहायची जागाच असते: राखेतले शहर, काळा बाजार, अनाथ मुले आणि भूक.

परतलेला सैनिक

विल्यम वायलर यांचा १९४६चा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ हा अमेरिकी धाटणीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणावा लागेल. युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले असताना आलेल्या या चित्रपटात लढाईचे एकही दृश्य नाही. तीन सैनिक एकाच विमानातून आपल्या गावी परततात. एक बँकेतील अधिकारी आहे, दुसरा बॉम्बफेकी विमानावरचा अधिकारी असला तरी पूर्वी दुकानात सोडावॉटर विकणारा नोकर होता, आणि तिसरा नौसैनिक आगीत दोन्ही हात गमावून आकडे लावून आलेला आहे. ही तिसरी भूमिका हॅरॉल्ड रसेल यांनी केली. ते मुळात अभिनेते नव्हते. सैन्यात असताना त्यांचे दोन्ही हात खरोखरच गेले होते.

या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. बँक अधिकारी आपल्या मुलासाठी जपानी तलवार आणि एका मृत जपानी सैनिकाजवळचा, नातेवाइकांनी नावे लिहिलेला झेंडा घेऊन येतो. मुलाला त्या वस्तूंचे फारसे अप्रूप वाटत नाही. तो वडिलांना विचारतो, की तुम्ही हिरोशिमाला होतात, तर वाचलेल्या लोकांवर किरणोत्सर्गाचा काही परिणाम झालेला तुम्हाला दिसला का? वडील गोंधळतात, त्यांनी तसे काही पाहिलेले नसते, आणि पाहायला हवे होते का, हेही त्यांना उमगत नाही. इतक्या कनवाळू चित्रपटातही हिरोशिमा येते ते अमेरिकी दिवाणखान्यात शाळकरी मुलाने विचारलेल्या एका प्रश्नापुरते, आणि उत्तर न मिळताच ते मागे पडते. ‘ओपनहायमर’मधील मान फिरवलेल्या चेहऱ्याचे मूळ मला या प्रसंगात दिसते. फरक इतकाच, की १९४६च्या त्या वडिलांना पाहण्यासारखे काही आहे हेच ठाऊक नव्हते, आणि २०२३च्या शास्त्रज्ञाला ते पुरते ठाऊक आहे.

काय दाखवायचे, हे कोण ठरवते?

चौकट केवळ दिग्दर्शक ठरवत नाही. १९४२मध्ये अमेरिकी सरकारच्या युद्धमाहिती कार्यालयाने हॉलिवूडसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि प्रत्येक निर्मात्याने स्वतःला पहिला प्रश्न विचारावा असे सांगितले: या चित्रपटामुळे युद्ध जिंकायला मदत होईल का? जपानमध्ये बंधने त्याआधीच आली होती. १९३९च्या चित्रपट कायद्यानुसार चित्रीकरणापूर्वीच पटकथा सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागे. तरीही फटींतून काही निसटतेच. केइसुके किनोशिता यांनी १९४४मध्ये लष्करासाठी ‘लष्कर’ याच नावाचा चित्रपट केला. त्याच्या अखेरीस आघाडीवर निघालेल्या तुकडीबरोबर एक आई गर्दीतून वाट काढत, रडत, आपल्या मुलाचा चेहरा शोधत बराच वेळ धावत राहते. पटकथेच्या कागदावर यात आक्षेपार्ह काही नव्हते, पण पडद्यावर पाहताना ही बाई देशासाठी आनंदाने पुत्र अर्पण करते आहे असे कोणालाही वाटत नाही. अधिकारी नाराज झाले आणि युद्ध संपेपर्यंत किनोशितांना दुसरा चित्रपट करता आला नाही.

ऑगस्ट १९४५मध्ये जपान शरण गेला आणि एप्रिल १९५२पर्यंत तिथे अमेरिकेच्या नेतृत्वाखालील लष्करी अंमल राहिला. या अंमलाने जुनी सेन्सॉरशिप मोडली आणि स्वतःची आणली. नोव्हेंबर १९४५मध्ये चित्रपटांसाठी तेरा निषिद्ध विषयांची यादी निघाली. तिच्यात लष्करशाही, सूडभावना, सरंजामी निष्ठेचे उदात्तीकरण, आत्महत्येचे समर्थन अशा गोष्टी होत्या, आणि एवढ्यापुरते ते समजण्यासारखेही होते. पण अंमल करणाऱ्यांवर टीका आणि अणुबॉम्बच्या परिणामांचे थेट चित्रण यांनाही वाव उरला नाही. हिरोशिमा-नागासाकीत स्फोटानंतरच्या काही आठवड्यांत जपानी पथकाने चित्रीकरण सुरू केले होते. १९४६मध्ये त्यातून तयार झालेला माहितीपट अमेरिकेने सगळ्या फिल्मसह ताब्यात घेतला आणि तो १९६७मध्ये जपानला परत मिळाला. पथकातील काही जणांनी धोका पत्करून एक प्रत लपवून ठेवली होती, हे पुढे उघड झाले.

हे केवळ पराभूतांच्या बाबतीत घडले असे नाही. जॉन ह्यूस्टन यांनी अमेरिकी लष्करासाठीच १९४६मध्ये ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट केला. युद्धाच्या धक्क्याने मन कोलमडलेले, बोलता किंवा चालता न येणारे सैनिक त्यात उपचार घेताना दिसतात. लष्कराने तो तीस वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवला. पुढे अमेरिकेत बंदीपेक्षा देवाणघेवाणीची पद्धत रुजली. निर्मात्याला खरी विमाने, युद्धनौका, तळ हवे असतील, तर त्याने पटकथा संरक्षण खात्याला, म्हणजे पेंटागॉनला दाखवायची आणि सुचवलेले बदल करायचे. ‘टॉप गन’ला ही मदत मिळाली, ‘अपोकॅलिप्स नाऊ’ला मिळाली नाही, म्हणून फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी फिलिपाइन्सच्या हवाई दलाची हेलिकॉप्टर भाड्याने घेतली. कोणाला जबरदस्ती करावी लागत नाही, पण लष्कराला रुचणारा चित्रपट स्वस्तात पडतो आणि न रुचणारा महागात.

जळालेले शहर आणि समुद्रातून आलेला प्राणी

लष्करी अंमल संपल्यावर चारच महिन्यांत, ६ ऑगस्ट १९५२ रोजी, कानेतो शिंदो यांचा ‘हिरोशिमाची मुले’ प्रदर्शित झाला. शिंदो स्वतः हिरोशिमा प्रांतातले. त्यांच्या चित्रपटात एक शिक्षिका काही वर्षांनी शहरात परतते आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधत फिरते. ज्या शिक्षक संघटनेच्या साहाय्याने तो निघाला, तिला तो फारच हळवा वाटला. मग तिच्याच पैशाने १९५३मध्ये हिदेओ सेकिगावा यांनी ‘हिरोशिमा’ केला. त्यात शहरातील हजारो रहिवासी सहभागी झाले आणि त्यांच्यात अनेक हिबाकुशा होते. अणुबॉम्बमधून वाचलेल्यांना जपानमध्ये हिबाकुशा म्हणतात. मोठ्या वितरकांनी या चित्रपटाला हात लावला नाही.

सरळ सांगितलेली गोष्ट अशी अडत असताना वाकडी वाट करून आलेली गोष्ट घराघरांत पोचली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची ताकद हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट होती. ‘लकी ड्रॅगन क्रमांक ५’ नावाच्या जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सारी राख पडली, तिच्यावरचे तेवीसही जण आजारी पडले आणि त्यांतील एक सप्टेंबरमध्ये दगावला. बाजारातला ट्यूना मासा लोक भीतीने घेईनात. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला समुद्रातून वर येणाऱ्या महाकाय प्राण्याची गोष्ट सांगणारा इशिरो होंडा यांचा ‘गॉडझिला’ आला, आणि त्याची सुरुवातच समुद्रातील एका लखलखाटात नष्ट होणाऱ्या नौकेने होते.

आज हा प्राणी खेळण्यांच्या दुकानात भेटत असल्यामुळे मूळ चित्रपट किती गंभीर आहे याची कल्पना येत नाही. त्यात लोकलमधून जाणारी एक तरुणी, नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे, असे वैतागून म्हणते. आगीने वेढलेल्या रस्त्यावर एक आई मुलांना कवटाळून, आता आपण बाबांकडेच जाणार आहोत, असे सांगते. रुग्णालयात एका लहान मुलीसमोर किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. होंडा स्वतः चीनमध्ये सैनिक म्हणून राहिले होते आणि परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले होते. चमत्कृतिदृश्ये करणारे एइजी त्सुबुराया यांनीच १९४२मध्ये पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरील जपानी विजयाच्या चित्रपटासाठी छोट्या प्रतिकृतींनी हल्ल्याची हुबेहूब दृश्ये उभी केली होती. बारा वर्षांनी त्याच हातांनी टोकियो जाळले.

या चित्रपटात सेरिझावा नावाचा एक शास्त्रज्ञ आहे. गॉडझिलाला मारू शकेल असे अस्त्र त्याच्याकडे असते, पण ते एकदा वापरले की सगळे देश त्याच्या मागे लागतील हे त्याला कळते. तो सारी टिपणे जाळतो, समुद्रतळाशी जाऊन अस्त्र वापरतो आणि वर येत नाही. कारण टिपणे जळली तरी सूत्र त्याच्या डोक्यात उरतेच. ‘ओपनहायमर’ पाहिलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग पाहावा असे मला वाटते. अस्त्र घडवणाऱ्याच्या जबाबदारीबद्दलचा तोच प्रश्न, ज्यांच्यावर अस्त्र पडले त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी असा सोडवला होता.

१९५६मध्ये अमेरिकेत या चित्रपटाची कापून-जोडून केलेली आवृत्ती निघाली. रेमंड बर या नटाला अमेरिकी वार्ताहर म्हणून घुसवले गेले आणि टोकियोचा विध्वंस त्याच्या डोळ्यांनी दिसू लागला. नागासाकीचा उल्लेख गेला, आणि अणुचाचण्या अशाच चालू राहिल्या तर दुसरा गॉडझिला येईल, हा वृद्ध प्राध्यापकाचा शेवटचा इशाराही गेला. हा बदल करणाऱ्यांच्या मनात कट होता असे समजण्याचे कारण नाही. आपल्या प्रेक्षकाला आपला माणूस हवा, हा साधा धंद्याचा हिशेब होता. चौकट बहुतेक वेळा अशीच ठरते.

पण व्हिएतनामबाबत अमेरिकेने स्वतःवर टीका केलीच ना?

केली, आणि ती कठोर होती. ‘द डिअर हंटर’ (१९७८), ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९), ‘प्लॅटून’ (१९८६), ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ (१९८९) यांतील एकही चित्रपट पाहून कोणी सैन्यात भरती व्हायला धावेल असे वाटत नाही. सरकारचा खोटेपणा, सैनिकांचे क्रौर्य, अपंग होऊन परतल्यावर वाट्याला येणारी उपेक्षा, हे सारे त्यांत आहे. पण कथेचा सांगाडा १९४६चाच आहे: आपला मुलगा गेला, तिथे त्याचे काहीतरी मोडले, आणि तो परतला किंवा परतला नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे सुमारे ५८,००० सैनिक गेले, तर व्हिएतनामी मृतांचे अंदाज वीस लाखांच्या पुढे जातात. तरीही यांतील बहुतेक चित्रपटांत व्हिएतनामी माणसाला नाव, घर, भूतकाळ नाही. तो झाडीतून गोळी झाडतो किंवा गोळी खाऊन पडतो. ‘द डिअर हंटर’मध्ये तर कैद्यांना पिस्तुलाचा जीवघेणा जुगार खेळायला लावणारे क्रूरकर्मे म्हणूनच तो येतो, आणि असा प्रकार प्रत्यक्षात घडत असल्याचा पुरावा नाही. स्वतःवर टीका करणे आणि दुसऱ्याकडे पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग जपानी चित्रपट स्वतःला निर्दोष ठरवतात का?

हा आक्षेप चीन, कोरियाप्रमाणे खुद्द जपानमधूनही घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. इसाओ ताकाहाता यांचा १९८८चा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ घ्या. कोबे शहरावरील हल्ल्यात आई गमावलेला चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको भुकेने मरतात. तो पाहून डोळे कोरडे राहणे कठीण. पण असे चित्रपट एकामागून एक पाहिले, की युद्ध हे वादळ किंवा भूकंपासारखे आभाळातून कोसळलेले संकट वाटू लागते. ते कोणी सुरू केले, १९३७मध्ये चीनमधील नानजिंग शहरात जपानी सैन्याने केलेल्या कत्तलीत काय झाले, हे प्रश्न बाजूलाच राहतात.

ताकाहाता यांनी स्वतः मात्र या चित्रपटाला युद्धविरोधी म्हणण्यास नकार दिला होता. चित्रपट पुन्हा नीट पाहिला, की त्याचे कारण थोडे कळते. सेइता हा नौदल अधिकाऱ्याचा मुलगा आहे. वडिलांच्या युद्धनौकेवर आणि साम्राज्याच्या विजयावर त्याचा ठाम विश्वास आहे. मावशीच्या घरी अपमान होतो म्हणून तो बहिणीला घेऊन गुहेत राहायला जातो, आणि तोच निर्णय दोघांना महागात पडतो. अभिमानाने माणूस आंधळा होतो ही गोष्ट तिथे आहे. अश्रूंमुळे ती दिसत नाही, एवढेच.

शिवाय अपराधाकडे थेट पाहणारी एक परंपराही जपानमध्ये आहे, आणि ती बाहेरच्या जगाला कमी ठाऊक आहे. मासाकी कोबायाशी यांच्या ‘द ह्यूमन कंडिशन’ (१९५९-६१) या साडेनऊ तासांच्या चित्रपटत्रयीत जपानने बळकावलेल्या मांचुरियात चिनी कैद्यांना गुरांसारखे राबवले जाते आणि त्यांचा शिरच्छेद होतो. भल्या मनाचा नायक या यंत्रणेत राहून ती सुधारू पाहतो, आणि तिचाच भाग बनतो. कोन इचिकावा यांच्या ‘फायर्स ऑन द प्लेन’ (१९५९)मध्ये फिलिपाइन्समधील उपाशी जपानी सैनिक माणसाचे मांस खाण्याच्या थराला जातात. काझुओ हारा यांच्या १९८७च्या माहितीपटात न्यू गिनीतून परतलेला एक माजी सैनिक आपल्या जुन्या वरिष्ठांच्या दारी जाऊन, युद्ध संपल्यानंतर तुम्ही आपल्याच सैनिकांना गोळ्या का घातल्या, असे विचारतो, आणि उत्तर टाळणाऱ्यावर हातही टाकतो. नागिसा ओशिमा यांनी १९६३मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेला ‘विसरलेले सैनिक’ मला या सगळ्यांत जास्त धारदार वाटतो. कोरिया जपानच्या अंमलाखाली असताना जपानच्या बाजूने लढून हात-पाय-डोळे गमावलेले कोरियन सैनिक, आता तुम्ही जपानी नागरिक नाही, या कारणाने निवृत्तिवेतनाला मुकले होते. ओशिमा त्यांना टोकियोच्या रस्त्यावर घेऊन आले आणि जपानी प्रेक्षकांना उद्देशून, हे ठीक आहे का, असा प्रश्न टाकला.

एकाच माणसातही दोन्ही प्रवाह असू शकतात. ‘गॉडझिला मायनस वन’च्या यामाझाकींनीच २०१३मध्ये ‘द इटर्नल झीरो’ हा आत्मघातकी वैमानिकावरचा चित्रपट केला होता. तो प्रचंड चालला, तत्कालीन पंतप्रधानांनी त्याचे कौतुक केले, आणि मरणाला तेजोवलय दिल्याचा आरोपही त्याच्यावर झाला. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या चित्रपटात एक माजी नौदल शास्त्रज्ञ, या देशाने माणसांचे प्राण फार स्वस्त मानले, असे बजावतो आणि लढाऊ विमानात वैमानिकाला वाचवणारे आसन बसवले जाते. ही प्रगती खरी. पण शत्रू म्हणून राक्षस घेतला, की चीन आणि कोरियाचा विषय आपोआप टळतो, हेही खरे.

चौकटीबाहेर राहिलेले

ज्या गावात मुलगा नोकरीला होता ते गाव असे दोन्हीकडून सुटते. याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. हॉलिवूडच्या पैशाने डेव्हिड लीन यांनी केलेल्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७)मुळे जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर ब्रिटिश युद्धकैद्यांना कसे राबवले, हे जगाला कळले. त्या रेल्वेवर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. पण त्यांच्या कित्येक पटींनी आशियाई मजूर मेले आणि त्यांच्यात मलायातील रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. चित्रपटात त्यांना जागा नाही. इचिकावांच्या ‘द बर्मीज हार्प’ (१९५६)मध्ये एक जपानी सैनिक भिक्षू होऊन ब्रह्मदेशात विखुरलेल्या जपानी प्रेतांना मूठमाती देत राहतो. चित्रपट अत्यंत हृद्य आहे, पण ज्यांच्या भूमीवर हे युद्ध झाले ते ब्रह्मी लोक त्यात बहुतांशी पार्श्वभूमीला आहेत. त्याच ब्रह्मदेश आघाडीवर मार्च १९४४मध्ये मणिपूरमधील संगशाक येथे जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. अमेरिकी आणि जपानी पडद्यावर हे सैनिकही शोधावेच लागतात.

कधीकधी चौकटीची कड क्षणभर सरकते. सुनाओ काताबुची यांच्या ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ (२०१६)मध्ये कुरे या नौदलाच्या बंदरात सासरी आलेली सुझू शिधा पुरवून वापरत युद्धाचे दिवस ढकलते. शरणागतीची घोषणा होते त्या दिवशी वस्तीतल्या एका घरावर कोरियन झेंडा फडकताना दिसतो आणि सुझूला जाणवते, की आपण खात आलो तो तांदूळ आणि सोयाबीन समुद्रापलीकडून येत होते. काही सेकंदांचेच दृश्य आहे. तिच्या कोपऱ्याला लागून आणखी कोणाचा तरी कोपरा होता, हे तेवढ्यात कळते.

दुसऱ्याच्या नजरेने पाहणे जमते का?

क्लिंट ईस्टवूड यांनी २००६मध्ये इवो जिमाच्या लढाईवर दोन चित्रपट केले. त्या लहानशा बेटावर १९४५मध्ये सुमारे सात हजार अमेरिकी सैनिक पडले, आणि बेटावरच्या वीस हजारांहून अधिक जपान्यांपैकी बहुतेक सगळे मेले. ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’मध्ये झेंडा रोवण्याच्या प्रसिद्ध छायाचित्रातील सैनिकांना युद्धरोखे विकण्यासाठी देशभर कसे फिरवले गेले ते आहे. ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ जवळजवळ पूर्ण जपानी भाषेत असून त्यातील मुख्य सैनिक पेशाने पाववाला आहे. अमेरिकी दिग्दर्शकाने शत्रूच्या खंदकात कॅमेरा ठेवला, आणि जपानी प्रेक्षकांनीही त्या चित्रपटाचे मनापासून स्वागत केले. अर्थात दोन्ही बाजूंचे सैनिक दाखवणे हे तुलनेने सोपे. सैनिक सैनिकाला ओळखतो. आकाशातून बॉम्ब टाकणारा आणि खाली उभा असलेला, या दोघांना एका चौकटीत आणणे त्याहून अवघड आहे. ‘ओपनहायमर’ला जपानकडून उत्तर मिळायला हवे आणि कधीतरी ते आपण करू इच्छितो, असे यामाझाकी नोलन यांच्याशी झालेल्या संवादात म्हणाले होते, तसा चित्रपट निघाला तर तो याच अडचणीपाशी येऊन थांबेल.

ज्यांना हे स्वतः पडताळून पाहायचे आहे, त्यांनी चित्रपट जोडीने पाहावेत. ‘अपोकॅलिप्स नाऊ’बरोबर त्याच वर्षीचा, १९७९चा, न्गुयेन होंग सेन यांचा व्हिएतनामी चित्रपट ‘द अबँडन्ड फील्ड’ पाहावा. पहिल्यात हेलिकॉप्टरच्या आतून खालचे गाव दिसते. दुसऱ्यात पाणथळ शेतात लपलेले जोडपे हेलिकॉप्टर येताच आपल्या तान्ह्या मुलाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्याखाली धरते. ‘फायर्स ऑन द प्लेन’ला जोड म्हणून मारिओ ओ’हारा यांचा १९७६चा फिलिपिनो चित्रपट ‘थ्री गॉडलेस इयर्स’ घ्यावा, ज्यात जपानी ताब्यातील खेड्यातली एक शिक्षिका मध्यवर्ती आहे. आणि ‘ओपनहायमर’ला जोड पहिल्या ‘गॉडझिला’ची. फक्त तो शोधताना १९५४ची मूळ जपानी आवृत्ती आहे ना, हे पाहून घ्यावे. सुरुवातीलाच अमेरिकी वार्ताहर दिसू लागला, तर हाती लागलेली प्रत १९५६ची आहे.